बाळंतिणीच्या ताटातला पांढरा भात

“ही काय जेवते?” डॉक्टरांनी विचारलं.

आजारी बाळ होतं आणि त्यांचं बोट ताईकडे होतं. आम्हाला प्रश्नच कळला नाही. आई, मी आणि माझी थोरली बहीण, अशा तिघी त्यांच्या टेबलासमोर बसलो होतो. ताईच्या मांडीवर तिचा अडीच महिन्यांचा मुलगा होता. तो रडत होता. म्हणजे तोंड उघडत होता, चेहरा लाल होत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. आवाज मात्र येत नव्हता.

“बाळंतीण आहे. पथ्यावर आहे,” आई म्हणाली.

“पथ्य म्हणजे काय ते एकेक सांगा. काल दिवसभरात काय खाल्लं?”

आईने सांगितलं. पांढरा भात, तूप, मीठ, भाजलेली लसूण. संध्याकाळी पुन्हा तेच. डाळ? नाही, बाळाला वायू होतो. भाजी? थंड पडते. दूध? कफ होतो. पाणी? घोट-दोन घोट, तेही गरम.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “तांदूळ कुठला?”

“सुरय, न उकडलेला. आम्ही सगळे उकडा खातो, हिच्यासाठी वेगळा आणलाय. गिरणीत दोनदा पॉलिश करून घेतलाय,” आई म्हणाली. “चार-पाच पाण्यांनी धुते. पेज काढून टाकते, पेजेनं पोट सुटतं.”

डॉक्टर उठले. बाळाच्या छातीला पुन्हा नळी लावली, पोटावर उजव्या बाजूला बोटं दाबून पाहिली. मग एक्स-रे उजेडासमोर धरला आणि आम्हाला दाखवला. बाळाचं हृदय जेवढं असायला हवं त्यापेक्षा पुष्कळ मोठं दिसत होतं.

“मला वाटतं ही इन्फन्टाइल बेरीबेरी आहे,” ते म्हणाले.

घरात असं काही घडलं की आम्ही ते चार भिंतींच्या बाहेर जाऊ देत नाही. मीही तशीच आहे. पुण्याला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले, कॉलेजसाठी रत्नागिरीला परत आले, आणि दोन्हीकडे ऐकून घेणारीच राहिले. तरी हे लिहिते आहे, कारण ज्यांच्या घरी बाळंतीण आहे त्यांना हे माहीत असायला हवं.

बेरीबेरी म्हणजे शरीरात थायमिन कमी पडणं. थायमिन म्हणजे व्हिटॅमिन बी-वन. डॉक्टरांनी ते आईला असं समजावलं: “भात म्हणजे चुलीतली लाकडं. लाकडं कितीही घातली तरी पेटवायला काडी लागते. थायमिन ही काडी. ती तांदळाच्या वरच्या कोंड्यात असते. गिरणीत कोंडा गेला, धुण्यात उरलीसुरली गेली, पेजेबरोबर शेवटची गेली. हिच्या अंगात काडी नाही, म्हणून हिच्या दुधात नाही, म्हणून याच्या हृदयाला नाही.”

आणि उकडा तांदूळ? सालासकट भात उकडताना कोंड्यातलं हे जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरतं, म्हणून तो सडल्यावर, म्हणजे कोंडा काढल्यावरही, बरंच टिकतं. म्हणजे आम्ही बाकीचे रोज जे साधं म्हणून जेवत होतो, त्यात ते होतं. ताईला खास म्हणून जे वाढत होतो, त्यात नव्हतं.

हे सगळं कसं होत गेलं ते सांगायला हवं.

ताईची पहिली मुलगी मुक्ता. तीही आमच्याकडेच झाली होती, दोन वर्षांपूर्वी. तिसऱ्या महिन्यात तिला दूध ओकायला होऊ लागलं, आवाज घोगरा झाला, श्वास लागला. निमोनिया असेल असं म्हणून औषध सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. घरात तिच्याविषयी कोणी बोलत नसे. तिची झबली आईने कुठे ठेवली, हे मी कधी विचारलं नाही.

म्हणून या वेळी काही चुकायचं नाही, असं आईने ठरवलं होतं. एरवी सव्वा महिन्यात सुटणारं हे पांढऱ्या भाताचं पथ्य मुक्ताच्या वेळी दोन महिने चाललं होतं, ते तिने आता तीन महिन्यांवर नेलं. गिरणीवाल्याला अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मुद्दाम सांगितलं की तांदूळ मोगऱ्यासारखा पांढरा पाहिजे. सुरुवातीला ताटात मेतकूट होतं, मेथीचे लाडू होते, रात्री दूध होतं. मग बाळ दूध ओकलं. आईने लाडू बंद केले, जड पडत असतील म्हणून. बाळ किरकिरायला लागलं, मेतकूट गेलं, त्यात डाळी असतात म्हणून. बाळाचा आवाज बसला तेव्हा दूध गेलं, कफ नको म्हणून. बाळाला काही झालं की ताईच्या ताटातलं काहीतरी कमी होई. शेवटी कमी करायला काही राहिलं नाही.

ताई तक्रार करत नसे. पायांना मुंग्या येतात असं एकदा मला म्हणाली. जिना चढताना थांबायची. तहान लागली की ओठांवरून जीभ फिरवायची. मुक्ता गेल्यापासून आई सांगेल ते ती निमूटपणे करत होती.

डॉक्टरांनी आम्हाला खोटा धीर दिला नाही. “माझी खात्री नाही. शिकत असताना असं एक मूल पाहिलं होतं, त्यानंतर आजच. पण इंजेक्शन साध्या व्हिटॅमिनचं आहे. माझा अंदाज चुकला तर त्यानं नुकसान नाही, आणि बाकीचे उपचार चालूच ठेवू. बरोबर असेल तर संध्याकाळपर्यंत दिसेल.”

सिस्टरने उकळत्या पाण्यातून काचेची सिरिंज काढली. एवढ्याशा मांडीत सुई गेली. बाळाने तोंड उघडलं, आवाज नाही. मग ऑक्सिजनची नळी लावली आणि आम्हाला वॉर्डात बसायला सांगितलं. अण्णा मुंबईला भावोजींना ट्रंककॉल लावायला तारघरात गेले.

शेजारच्या खाटेवर जयगडकडची एक बाई होती. तिच्या वर्षाच्या मुलाला जुलाब झाले होते आणि ती त्याला चमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजत होती. तिने बाळाकडे पाहिलं.

“काय झालाय ह्याला?”

आईने खिडकीकडे तोंड फिरवलं. ताईने सांगितलं, अगदी हळू. तिच्या खाण्यात काही कमी पडलं, म्हणून.

“आणि माझ्या सासूनं ह्याचं पानी बंद केलंन. पानी पाजलंस तर जुलाब वाडतील म्हनाली. डोळे खोल गेले तवा मी उचलला नि एस्टी पकडली.” तिने चमचा मुलाच्या ओठांशी नेला. “तुमच्याकडं खायचं बंद, आमच्याकडं प्यायचं बंद. दोघी म्हाताऱ्यांची एकदा गाठ घालून देऊया.”

ताई हसली. आई बसली आहे हे लक्षात येताच तिने तोंडाला पदर लावला. त्या बाईच्याही ते लक्षात आलं. “रागावू नको हां आजी,” ती म्हणाली. “माझी सासू पन त्याच्यावर जीव टाकते.”

आई खिडकीबाहेर बघत राहिली.

डॉक्टर फेरीवर आले तेव्हा त्या मुलाची कातडी चिमटीत धरून पाहत म्हणाले, की जुलाबात पाणी जातं आणि पाण्याबरोबर मीठही जातं. नुसतं पाणी दिलं तर ते अंगात नीट टिकत नाही, मीठ आणि साखर त्याला आत ओढून घेतात. मग ताईकडे वळून म्हणाले, “दूध कशाचं होतं? पाण्याचंच. बाळाला पाजायला बसलात की आधी तांब्याभर पाणी प्या.” तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली नव्हती. “लोहही कमी आहे. लोहाशिवाय रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. नुसत्या बी-वनचं हे काम नाही. सगळंच लागतं, थोडं थोडं.”

ताई त्या दिवशी किती पाणी प्यायली! सिस्टरने दिलेला तांब्या तिने तोंडाला लावला आणि खाली ठेवलाच नाही. आई बघत होती.

दिवे लागायच्या वेळी मला वाटलं की काहीतरी बदललं आहे. काय ते लगेच कळेना. मग लक्षात आलं, बाळाच्या बरगड्यांखाली श्वासागणिक जो खळगा पडत होता, तो आता पडत नव्हता. मी कोणाला काही सांगितलं नाही. असं काही बोलून दाखवलं की ते जातं, असं मला वाटतं. सिस्टर आली, नाडी पाहिली, पुन्हा पाहिली आणि डॉक्टरांना बोलवायला गेली. तेवढ्यात बाळाने दुपटं ओलं केलं. सकाळपासून केलं नव्हतं. ताईने ते ओलं दुपटं गालाला लावलं.

डॉक्टर आले, यकृतावर बोटं ठेवली आणि वॉर्डात पहिल्यांदा खुर्ची ओढून बसले. “आता पाजून बघा,” ते म्हणाले. बाळ प्यायलं. थांबत थांबत, पण प्यायलं.

सगळे बाळाकडे बघत होते. मला मात्र एकच विचार येत होता. तो ताईलाही येत असणार, कारण ती माझ्याकडे बघत होती. आईला समजू नये म्हणून मी डॉक्टरांना इंग्रजीत विचारलं. दोन वर्षांपूर्वी माझ्या बहिणीची पहिली मुलगी याच वयात, अशीच गेली. आवाज बसला होता, ताप नव्हता. तीही यानेच गेली का?

 ते मराठीत बोलले, आईकडे वळून.

“या मला तुमच्या पहिल्या नातीबद्दल विचारतायत. मी तिला पाहिलेलं नाही, तेव्हा नक्की सांगता येणार नाही. पण हे सांगतायत त्यावरून, तेच असावं. तुम्हाला हे सांगतोय, कारण या घरात पुढेही मुलं होतील. आणि कोणी जाणून केलेलं नाही, हेही सांगतोय.”

मला त्यांचा फार राग आला. आईने मान हलवली, जणू कोणी भाजीचा भाव सांगितला. मग तिने ताईच्या पायांवरची चादर सरळ केली, उठली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे गेले नाही. 

बाळाला आणखी इंजेक्शनं दिली. एक्स-रेत हृदय हळूहळू लहान होत गेलं. भावोजी येऊन गेले. आवाज शेवटी आला. एका सकाळी बाळाने आधी चिमणीसारखं काहीतरी केलं आणि मग सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं रडलं. जयगडची बाई तेव्हा घरी निघाली होती. दारातून ओरडली, “अगो, आता ह्याला गप करा!”

घरी आल्यावर आई स्वयंपाकघरात जाईना. ताईला काय वाढायचं ते डॉक्टरांनी सांगितलं होतं. उकड्या तांदळाचा भात आणि पेज, मोड आलेले मूग, मटकी, शेंगदाणे, पालेभाजी, तिच्यावर लिंबू पिळून, म्हणजे लोह अंगी लागतं, आणि दूध. शिवाय गोळ्या. हे सगळं मी करू लागले. मला स्वयंपाक येत नव्हता. माझी आमटी कधी खारट होई, कधी करपे. आई ओटीवर बसून बाळाची दुपटी घडी करायची, उलगडायची, पुन्हा घडी करायची.

एके दुपारी ताई ताट घेऊन ओटीवर गेली आणि आईच्या समोर बसली.

“आई, हिच्या हातचं आणखी किती दिवस खाऊ गो? हे मूग बघ. दगड झालेत.”

“ती शिकतेय.”

“तिला शिकू दे, पण माझ्यावर नको. तू कर.”

आईने हातातल्या दुपट्याची घडी केली. मग म्हणाली, “माझ्या हातचं खाशील तू?”

ताईने ताट तिच्या पुढे सरकवलं. “मला भूक लागलीये,” ती म्हणाली.

आई आत गेली. मुगाला फोडणी बसल्याचा आवाज आला. मी दारात उभी होते. ताई जेवली आणि तिने पुन्हा मागून घेतलं.

बाळ आता धावतं. त्या डॉक्टरांवर मी तेव्हा रागावले होते. आज त्यांच्याबद्दल मला काय वाटतं ते मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. इथे सांगते. ज्या दोन गोष्टी त्यांनी आम्हाला दिल्या, बाळ आणि मुक्ताचं खरं कारण, त्यांतली दुसरी देणं अधिक कठीण होतं.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. बाळाला धाप लागली, आवाज बसला, दूध ओढेनासं झालं, तर घरी पथ्य वाढवत बसू नका. आधी डॉक्टरांकडे न्या. त्याची कारणं अनेक असू शकतात आणि ती घरात बसून कळत नाहीत. डॉक्टरांना बाळाचं सांगाल तेव्हा आईच्या ताटाचंही सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी.

आमच्या आळीत कोणी बाळंतीण झाली की आई आता भेटायला जाते. पूर्वी झबलं-टोपडं द्यायची आणि यायची. आता बसते, आणि ती काय जेवते ते विचारते. मागच्या महिन्यात मी बरोबर होते. त्या घरातल्या सासूबाईंना ते आवडलं नाही.

“आमच्या सुनेला काय घालायचं ते आम्हाला कळतं हो, काकू,” त्या म्हणाल्या.

“मलाही कळत होतं,” आई म्हणाली. “आमची पहिली नात मुक्ता. ती माझ्या कळण्यानं गेली.”

मी जमिनीकडे बघत राहिले. आईचा आवाज हलला नाही.  त्या बाई आत गेल्या आणि सुनेचं झाकून ठेवलेलं ताट आईला दाखवायला बाहेर घेऊन आल्या.