आप्पा सकाळपासून उठत नाहीत

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. माझ्या हातून असा घोळ झालाय की एका जिवंत माणसाची तिरडी बांधायची तेवढी राहिली होती.

मी दौंडला राहतो. कुरकुंभला केमिकल कंपनीत मीटर आणि प्रेशर-गेज दुरुस्तीचं काम करतो. गेल्या वर्षी आई गेली. ती गेल्यावर मी तिचे सगळे व्हिडिओ गोळा केले. लग्नांच्या सीड्यांमधले, बारशातले, कुणाकुणाच्या मोबाईलमधले. एका जुन्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून फुकटातलं लिनक्स टाकलं, त्यावर मीडिया सर्व्हर बसवला. म्हणजे काय, तर टीव्हीसमोर बसायचं, रिमोट दाबायचा आणि हवा तो व्हिडिओ लावायचा. लोक त्यावर सिनेमे बघतात. मी आई बघायचो.

बायको म्हणायची, "अहो, तुम्ही हल्ली माणसांत कमी आणि त्या डब्यात जास्त असता." खरंच होतं.

आता लिनक्समध्ये प्रत्येक मशीनला नाव द्यावं लागतं. माझं मशीन म्हातारं. उठायला वेळ लावायचं, आतून घरघर यायची, पण एकदा सांगितलेलं विसरायचं नाही. मला आमचे थोरले चुलते आठवले. वडगाव रासाईचे आप्पा. दिलं त्यांचं नाव! मशीनशी बोलतानासुद्धा मी अहो-जाहो करायला लागलो. इथपर्यंत कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं ते खरे आप्पा माझ्याकडे राहायला आले तेव्हा. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दौंडला झालं होतं. डोळ्यावर हिरवी पट्टी. डॉक्टरांनी बजावलेलं, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, वाकायचं नाही आणि रडायचं तर मुळीच नाही. आतल्या खोलीत खाटेवर पांढरी चादर ओढून ते उताणे पडून असायचे.

रविवार होता. मला सुट्टी. सुट्टीत माणसानं झोपावं ना? मी सर्व्हरची मांडणी सुधारायला बसलो. आईचे व्हिडिओ वेगळ्या डिस्कवर होते. ती डिस्क मशीन सुरू होताना आपोआप जोडली जावी म्हणून एका फाइलीत एक ओळ लिहायची असते. लिहिली. मशीन बंद करून चालू केलं.

काळा पडदा. त्यावर पांढरी अक्षरं. आणीबाणी आहे म्हणे!

पुन्हा चालू केलं. तेच. त्या डिस्कची दुसरी प्रत नव्हती हो! आई भाकरी थापता थापता मागं वळून "काय रं, शूटिंग करतोस व्हय?" म्हणते, तो एवढासा व्हिडिओ जगात फक्त तिथं होता.

आमचा चार-पाच मित्रांचा ग्रुप आहे, 'लिनक्स मंडळी'. घाईघाईत त्यावर लिहिलं: "आप्पा सकाळपासून उठत नाहीत. दोन-तीनदा हलवून पाहिलं. पंखा चालू आहे, पण हालचाल काहीच नाही. आतलं सगळं गेलं असं वाटतंय. कुणी येऊ शकेल का?"

आणि मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला. आवाज बंदच होता. उपाय शोधायला बायकोचा मोबाईल घेतला; त्यावर येणारे मेसेज न बघताच बाजूला सारत होतो.

आता आमच्या घराण्याचाही एक ग्रुप आहे. त्याचं नाव 'आपली मंडळी'. पुढचं तुमच्या लक्षात आलंच. माझ्या नाही आलं!

थोड्या वेळात बायकोच्या मोबाईलवर भाऊसाहेबाचा फोन. भाऊसाहेब म्हणजे आप्पांचा धाकटा मुलगा, वडगावला शेती तोच बघतो. मी एकदा कापला, दोनदा कापला, शेवटी घेतला.

"सुन्या... आप्पा?" आवाज कापत होता. मला वाटलं, डोळ्याची काळजी करतोय बिचारा.

"शांत झोपलेत," मी म्हणालो. "काही त्रास झाला नाही. तू घाई करू नको, सावकाश ये."

पलीकडून हंबरडाच आला आणि फोन कट झाला. आता तुम्हीच सांगा, यात मी काय खोटं बोललो? मला वाटलं रेंज गेली. मी पुन्हा काळ्या पडद्यापुढं बसलो.

दुपारी दारात जीप थांबली. गच्च भरलेली. आधी रडणं आत आलं, मागून माणसं. भाऊसाहेब माझ्या गळ्यातच पडला. वडगावात कुणीतरी गेलं, एवढं मी ओळखलं. सकाळपासून माझंही मन भरलेलं होतं. मीसुद्धा मोठ्यानं रडलो.

"कसं झालं रं?" मी विचारलं.

"आरं तू सांग की! तू जवळ व्हतास!"

"मी? मी तर घरातच होतो!"

"मग घरातच झालं ना!"

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "हितं नगं काय करायला. गावाला न्यायचं. नदीवर."

आणि सुमनताई, आप्पांची मुलगी, तळेगाव ढमढेऱ्याहून आलेली, ती सरळ आतल्या खोलीत गेली. पांढरी चादर, उताणे आप्पा, मिटलेला डोळा. तिनं अंगच टाकलं त्यांच्यावर.

"सुमे," चादरीतून आवाज आला, "डोळ्याला धक्का लावू नगं. डाक्टर वरडंल."

किंकाळी अशी की शेजारचे बाहेर आले! दोन बायका खाली बसल्या. भाऊसाहेब आप्पांचे पाय चाचपून बघायला लागला.

आप्पा केव्हाचे जागे होते. सगळं ऐकत पडले होते. नदीवर न्यायचं, तेसुद्धा.

मग सगळे माझ्याकडे वळले. मी मोबाईल आणला आणि बघितलं, तर मेसेज 'लिनक्स मंडळी'ऐवजी 'आपली मंडळी'वर गेलेला. कसंबसं सांगितलं, की हे जे उठत नाहीत ते आप्पा म्हणजे हे नव्हेत, ते टीव्हीखालचे.

"म्हंजी आमच्या बापाचं नाव तू डब्याला दिलंस?" भाऊसाहेब म्हणाला.

"प्रेमानं दिलं रे."

कुणी हसलं नाही. एवढ्या लांबून रडत आलेल्या माणसाला हसू येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

आप्पा उठून बसले. एका डोळ्यानं त्यांनी खोलीभर सगळ्यांचे चेहरे न्याहाळले आणि हळूच विचारलं, "इलास न्हाई आला?"

विलासदादा म्हणजे आप्पांचा थोरला. शेती सोडून शिरूरला नोकरीला गेला, तेव्हा बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. आप्पा रागानं म्हणाले होते, आता माझ्या मयतीलाच ये. तेव्हापासून तो आला नव्हता.

बायकोनं सगळ्यांना चहा टाकला. मी मान खाली घालून मशीनपाशी बसलो; दुसरीकडं बघायची सोय नव्हती. आणि तेवढ्यात दारात विलासदादा उभा. एसटीनं आलेला, हातात पुडक्यात हार.

आप्पांना बसलेलं बघून तो उंबऱ्यातच थबकला.

"आलास?" आप्पा म्हणाले.

"तुमीच म्हणला व्हता, मयतीला ये म्हणून. आलो."

"झाली न्हाई अजून."

"दिसतंय."

आप्पांनी चादरीच्या टोकानं उघडा डोळा टिपला. मी पटकन म्हणालो, "आप्पा, डॉक्टरांनी रडायला मनाई केलीय!"

"तू गप बस," दोघं एकदमच म्हणाले.

मी पडद्याकडं वळलो आणि डिस्क जोडायची ती ओळ पुन्हा वाचली. मग दिसलं. आईच्या फोल्डरला मी 'आईचे व्हिडिओ' असं नाव दिलं होतं. मधे मोकळी जागा. त्या फाइलीत मोकळी जागा सोडली की मशीन तिथं नाव तोडतं. 'आईचे' एवढंच वाचून ते अडून बसलं होतं. एवढ्याशा जागेपायी जीपभर माणसं सुतकात आलेली! मी दोन शब्द जोडले. मशीन घरघरलं आणि उठलं.

टीव्हीवर सुमनताईचं लग्न लागलं. आई पंगतीत वाढत होती, कुणालातरी दटावत होती. मागं तरणाबांड विलासदादा पाण्याची घागर घेऊन पळत होता, आणि आप्पा त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगत होते. काय सांगत होते ते बँडच्या आवाजात ऐकू येत नव्हतं.

सगळ्यांनी ते शेवटपर्यंत बघितलं. आप्पांनी पट्टीवर हात धरून ठेवला होता.

विलासदादा जेवायला थांबला नाही. उठला, हाराचं पुडकं सोडलं, क्षणभर तो कुठं ठेवावा ते त्याला सुचेना. मग त्यानं तो माझ्या आईच्या फोटोला घातला आणि निघाला.

"जातो."

"शिमग्याला ये," आप्पा म्हणाले. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

रात्री गावाला परत निघताना आप्पा जीपमधून मला म्हणाले, "त्या डब्याचं नाव बदल."

"काय ठेवू?"

"तुझंच ठेव. म्हंजी बंद पडला तरी कुणाला जीप करून यायला लागायचं न्हाई."

सगळी जीप हसली. दिवसभरात पहिल्यांदाच. माझ्या जिव्हारी लागलं हो! नाव मात्र बदललं, कुणाला न सांगता. मशीनचं नाव आता सुनील.

परवा ते पुन्हा अडलं. मी मुद्दाम घराण्याच्या ग्रुपवर टाकलं: "सुनील सकाळपासून उठत नाही. आतलं सगळं गेलं असं वाटतंय." आणि मोबाईल हातात धरून बसलो. फोन कापायचा नाही, पहिल्या रिंगला घ्यायचा, असं ठरवून.

संध्याकाळपर्यंत तीन अंगठे आले. त्यातला एक स्वयंपाकघरातून, माझ्या बायकोचा होता.