घरबसल्या नोकरीची पदवी

मंडळी, आज नातीला घेऊन कराडला गेलो होतो. तिला घरूनच काम करता येईल अशी पदवी हवी आहे. एका कॉलेजच्या ऑफिसात टाय लावलेला तरुण म्हणाला, "आजोबा, हीच घ्या. घरबसल्या पक्की नोकरी."

मी विचारलं, "तुमी काय शिकलाय?"

"हीच पदवी."

"आन् ऱ्हाता कुठं?"

"इस्लामपूरला. रोज एसटीनं येतो."

स्वतः रोज एसटीत लोंबकळणारा हा माणूस माझ्या नातीला घरबसल्या पगार मिळवून देणार होता. फॉर्म त्याच्या टेबलावर टाकून उठलो.

बाहेर नात म्हणाली, "आबा, त्याची जिरवलीत. पर मी आता काय शिकू?"

मी चौथी शिकलेला. उद्या फॉर्मचा शेवटचा दिवस आहे. तिला काय सांगू?