जुरोंगचा नारिंगी उजेड

दादाराव गजभिये यांच्या फोनच्या लेन्सवर कायम एक लाल स्टिकर असायचं. सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या त्यांच्या केमिकल प्लांटमध्ये फोटो काढायला बंदी. रोज सकाळी फाटकावरचा गार्ड पास तपासायचा आणि फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर डकवायचा. घरी गेल्यावर ते काढायचं असतं. दादाराव काढत नसत. उद्या पुन्हा लागणारच, आणि घरी फोटो काढायचा कोणाचा? पत्नी कमलाबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी एकता नॉर्वेत, ट्रॉम्सोला संशोधन करत होती.

२००८च्या हिवाळ्यात एकता दर शनिवारी एक फोटो मेल करायची. घरामागच्या टेकडीवरून टिपलेला, ध्रुवाकडच्या रात्रीच्या आकाशात हलणारा उत्तरेचा प्रकाश. हिरवा, कधी कडेला जांभळा. दादारावांचं उत्तर ठरलेलं : ‘छान. जेवलीस का?’

एकदा तिने लहानपणच्या सिंगापुरी ढंगात लिहिलं, ‘बाबा, दर वेळी सेम रिप्लाय लाह! तुमच्या खिडकीतून काय दिसतं ते तरी सांगा.’

खिडकीतून समोरचा ब्लॉक आणि बांबूंवर वाळत घातलेले कपडे दिसत. यात लिहायचं काय, म्हणून त्यांनी लिहिलं नाही. पुढचे तीन शनिवार मेल आला नाही.

चौथ्या शनिवारी त्यांना सुट्टी होती. संध्याकाळी साडेसातला ते भात लावत असताना स्वयंपाकघराची भिंत नारिंगी झाली. प्लांट अचानक बंद पडला की आतला वायू उंच चिमणीच्या टोकाशी जाळून टाकतात; त्याला फ्लेअर म्हणतात. त्या ज्वाळेचा उजेड ढगांवर पडद्यासारखा हलत होता. शेजारचे मिस्टर टॅन कॉरिडॉरमध्ये आले.

“वाह, सो प्रिटी! युअर कंपनी आह?”

“येस,” दादाराव म्हणाले. “व्हेरी बॅड.”

आता बोलावणं येणार, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी घाईने फोन वर धरला. स्क्रीन काळी. स्टिकर नखाने खरवडलं; कागद निघाला, गोंद राहिला. तसाच एक फोटो काढला. दुसरा काढणार तोच फोन वाजला. शिफ्टवरचा सुबोध होता.

“सर, कॉम्प्रेसर ट्रिप होऊन बंद पडलाय. गाडी पाठवलीय, वीस मिनिटांत खाली या.”

त्यांनी गॅस बंद केला. केबल लावून फोटो कॉम्प्युटरवर घेतला. काळ्या चौकटीत एक पुसट नारिंगी पट्टा, एवढंच. विषयात ‘खिडकीतून’ लिहून त्यांनी तो पाठवला आणि बूट घातले.

परतले ते रविवारी सकाळी अकराला. भात भांड्यात अर्धा कच्चा पडून होता. मेल आला होता.

‘बाबा, फोटो अगदी बेकार. लेन्स पुसा. एवढा मोठा फ्लेअर म्हणजे तुम्ही रात्रभर प्लांटवर. असं आकाश दिसलं की आई तुमचं ताट झाकून ठेवायची. जेवलात का?’

दादारावांनी सवयीने ‘हो’ लिहिलं. मग ते खोडून ‘नाही’ लिहिलं, आणि पुढे कच्च्या भाताबद्दल, मिस्टर टॅनबद्दल, स्टिकरबद्दल आठ-दहा ओळी.

सोमवारी संध्याकाळी कंपनीची बस बेटाबाहेर पडताच त्यांनी स्टिकर काढलं आणि लेन्स रुमालाने पुसली. आकाशात काहीही नव्हतं.