गच्चीवरची धूळ

आमच्या घराण्यात बापलेक उगाच बोलत नाहीत, बोलायला काम लागतं. मी वडिलांना फोन केला की ते आधी "काय काम काढलंस?" विचारायचे, आणि काम नसलं की दोघंही अवघडून जायचो. मुलगा बंगळुरूला गेला तोही हीच शिस्त घेऊन.

त्याची आई गेल्यावर त्यानं गच्चीवर सोलर बसवून दिलं. आमच्याकडं नळाला पाणी येईल तेव्हा खरं, ऊन मात्र पोटभर. वीज किती तयार झाली ते त्याला तिकडं मोबाइलवर दिसतं. वापरायला घरात मी एकटा, एक पंखा नि एक फ्रिज.

उन्हाळ्यात समोरचा रस्ता खोदला, पॅनलवर धूळ बसली आणि त्याचा फोन आला. "बाबा, वीज कमी दिसतेय. पॅनल पुसले नाहीत का?" मग गुडघ्याची चौकशी झाली, जेवणाची झाली. कितीतरी दिवसांनी मी घरात मोठ्यानं हसलो. त्याच आनंदात वर जाऊन पॅनल लख्ख पुसले, आणि फोन बंद झाले. आपण काय करून बसलो ते उमगायला मला जरा वेळच लागला.

त्यानंतर मी कानाडोळा करायला शिकलो. धूळ साचायची, फोन यायचा. "पुसतो," म्हणायचो आणि एखादा कोपरा तेवढा पुसायचो. शेजारच्या घरातल्या, मूळच्या लासूर स्टेशन गावच्या बाई त्यांच्या गच्चीवरून ओरडल्या, "काका, लई धूळ बसली वो तुमच्या प्लेटांवर! मी येऊ का पुसाया?"

"नको. तुमचं काय जातंय?" मी खेकसलो. बिचारीचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण खरं कारण कोणत्या तोंडानं सांगणार?

शेवटी मुलगा वैतागला. "बाबा, दर वेळी तेच. अडचण काय आहे?"

तुझी आठवण येते, एवढंच म्हणायचं होतं. घशापर्यंत आलंही होतं. तोंडातून निघालं, "नळाला पाणीच नाही, कशानं धुऊ?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पोरगा गुणाचा आहे. त्यानं तिकडूनच धुणारा माणूस ठरवला. म्हणाला, "तो पाणीही घेऊन येईल. तुम्ही आता जिना चढूच नका." मी "बरं" म्हणालो.

आता दर सोमवारी तो माणूस येतो, पॅनल आरशासारखे करून जातो. मी खाली मोबाइल मांडीवर घेऊन बसतो. तिकडं लेकाला माझं घर एकदम ठीक दिसत असणार.