बर्फातलं बी

वीर्य हा शब्द मी तोवर फक्त एसटी स्टँडच्या भिंतीवर, वैदूंच्या जाहिरातीत वाचलेला होता आणि वाचून मान फिरवलेली होती. तेविसाव्या वर्षी तो परभणीच्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकला तेव्हा मी पडद्यामागं उभी होते. तिथं उभं राहायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझे यजमान बोरीच्या शाळेत मास्तर. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, आमच्या लग्नालाही तेवढीच, आणि घरात लेकरू नव्हतं. त्यांच्या एका वृषणात गाठ निघाली. औरंगाबादला ऑपरेशन करून ते काढलं, आणि आता मुंबईला जाऊन 'लाईट' घ्यायची होती. रेडिएशनला आमच्याकडं तोच शब्द. परभणीचे डॉक्टर टाके बघून म्हणाले, लाईटीनंतर मूल होणं अवघड. परदेशात अशा माणसाचं वीर्य आधीच काढून बर्फात गोठवून ठेवतात. आपल्याकडं ती सोय नाही, तेव्हा या आठवड्यात मुंबई गाठा.

यातलं मी 'बर्फात' एवढंच घरी आणलं. बाकीचं दवाखान्यातच ठेवून आले.

त्याला कारण माझी घमेंड. घरचं बी ठेवायचं काम माझ्याकडं होतं. ज्वारीची टपोरी कणसं निवडायची, मळायची, दाणे राखेत घोळायचे, कडुलिंबाचा पाला घालून मडक्याचं तोंड शेणामातीनं लिंपून टाकायचं. माझं बी कधी किडलं नाही. शेजारच्या बाया विचारायला यायच्या. मग मला वाटलं, बीच तर ठेवायचं आहे, राखेऐवजी बर्फ, त्याला परदेश कशाला पाहिजे? सहावी पास बाईचा आत्मविश्वास हा फार वाईट आजार. त्याला लाईटसुद्धा लागू पडत नाही.

यजमानांना मी म्हणाले, माझे वडील भेटायला येणार आहेत, ते येईपर्यंत थांबा. वडिलांना बिचाऱ्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. चार दिवस गेले, मग आणखी चार. तेवढ्यात मी हेडमास्तरांच्या घरून थर्मास मागून आणला, खोकल्याच्या औषधाची बाटली तीनदा उकळली आणि जिंतूरला जाऊन सोड्याच्या दुकानातून बर्फ आणला. पहिल्या खेपेचा बर्फ सासूबाईंनी सरबतात घालून पाहुण्यांना पाजला. वर मला म्हणाल्या, लय शहाणी सून हाय माझी, उन्हातान्हाचं बर्फ आणती. दुसऱ्या खेपेचा थर्मास मी कणगीमागं लपवला.

मग यजमानांना बेत सांगितला. ते टाक्यांवर हात दाबून हसायला लागले. महिनाभरात पहिल्यांदाच हसत होते, म्हणून मी रागावले नाही. डोळे पुसून म्हणाले, "ठिवायचं ते कळलं. पुन्हा पेरायचं कसं, ते ठरवलंस का?"

"ते डॉक्टरला इचारू की."

दुसऱ्या दिवशी सकाळी थर्मास मांडीवर घेऊन आम्ही परभणीची एसटी धरली. आतली बाटली भरलेली होती की रिकामी, हे मी नातींनाही सांगितलेलं नाही. त्या अजून विचारतात.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी थर्मासचं झाकण काढून आत पाहिलं, परत लावलं आणि यजमानांना विचारलं, तुम्ही अजून इथंच कसे? अकरा दिवस झाले होते. मग खुर्ची माझ्याकडं वळवून त्यांनी शाळेतल्या पोरीला समजवावं तसं सांगितलं, की या बर्फात ते जगत नाही, त्याला याहून कितीतरी कडक गारठा लागतो. लाईट देताना दुसरी बाजू शिशानं झाकतात, त्यामुळं दोन-चार वर्षांनी मूल होईलही, होणारही नाही.

"पण बाई, ही गाठ पोटात पसरली तर माझ्या हातात काही राहणार नाही. तुम्ही मास्तरांना कशासाठी थांबवून ठेवलंय?"

बाहेर पायरीवर येऊन बसलो तेव्हा यजमानांना सांगून टाकलं, की माझे वडील येणारच नव्हते, मी खोटं बोलले.

"मला ठाऊक व्हतं," ते म्हणाले.

"मग थांबलात कशाला?"

त्यांनी चपलेचा अंगठा चाचपला. "मलाबी लेकरू पाहिजे व्हतं."

तोवर मी समजत होते, त्या घरात मूर्ख मी एकटीच.

सासूबाईंना सगळं सांगावं लागलं, सरबतासकट. मी शिव्या खायच्या तयारीनं उभी. त्यांनी थापत आणलेली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

"लेकरं गावात लय हायत, बाई. माझा ह्यो एकच हाय. उद्याच निघा." आणि वाटेसाठी आणखी पीठ मळायला घेतलं.

पुढं पाचव्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. पण दुसऱ्या दिवशी मुंबईला जायला मनमाडच्या गाडीत बसलो तेव्हा ते कुणाला ठाऊक होतं? त्या काळी चारचौघांत नवऱ्याशेजारी बसायचं तर मधे वीतभर जागा सोडायची. आम्हीही सोडली होती. सेलू गेल्यावर त्यांना झोप लागली आणि डोकं माझ्या खांद्यावर आलं. समोरच्या बाकावरची म्हातारी टक लावून बघायला लागली. मी पदर तेवढा सारखा केला आणि खांदा मनमाडपर्यंत तसाच ठेवला.