काकांच्या पाइपातली लवंग

लवंगेचा वास आला की संकठा घाटाजवळची भाड्याची खोली आठवते. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी, म्हणून घरमालकीण काकूंनी वारलेल्या काकांचा पाइप मला कौतुकानं दिला. "नीट धुऊन घे हं बेटा, लवंग घातलेला तंबाखू ओढायचे ते." मी घासूनपुसून व्हॅनिलाचा तंबाखू भरला, तरी चव लवंगेचीच यायची. लाकडात चव मुरते, भूतबीत काही नसतं, असं मी मित्रांना ठणकावून सांगायचो. एका दुपारी झुरके घेत असताना, नवऱ्याला हाक मारावी तसं काकूंनी आतून विचारलं, "अहो, चहा ठेवू?" माझ्या तोंडून निघालं, "ठेव, साखर नको." मी तर तीन चमचे साखर घेणारा! काकू दारात आल्या. "त्यांना शुगर होती, हे तुला कुणी सांगितलं?" पाइप मी तेव्हाच परत केला. चहा मात्र आजही बिनसाखरेचाच गोड लागतो.