कुठं म्हणून न विचारता

"बाबा, गुडघ्याला काही झालेलं नाही. पाय वापरात नाहीत म्हणून आटलेत. असंच बसून राहिलात तर वर्षभरात संडासलाही कुणाचा तरी हात धरून जावं लागेल." नांदेडच्या डॉक्टरांनी हे पोराला न्हाई, थेट मला सांगितलं.

रोगाचं नाव सार्कोपेनिया. म्हणजे वयानं अन् बसून बसून अंगातलं मांस झडणं. मी चौथीत शाळा सोडली, पण नाव पाठ केलं. एवढ्या मोठ्या नावाचा रोग आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाला न्हाई.

रक्त तपासलं, एक्सरे काढला. मग हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठायला लावलं. दोनदा उठलो. तिसऱ्यांदा म्हणालो, खुर्ची बुटकी हाय. डॉक्टर हसले न्हाईत.

व्यायामाचा कागद दिला. उताणं पडून पाय वर करायचे. चाळीस वर्षं किराणा दुकान चालवलेल्या माणसानं सुनेसमोर उलट्या झुरळासारखं पडायचं? कागद उशाखाली घातला. माझा नेम ठरलेला. सहाला चहा, नऊला भाकरी, मग बाज, एकला जेवण, परत बाज. मी बाजेवर असलो म्हणजे घराला आधार, असं मला वाटायचं.

आठ दिवसांनी सकाळी महेबूबभाई आले. माझ्या दुकानाला लागून त्यांचं शिलाईचं दुकान होतं. दारातूनच म्हणाले, "आप्पा, चपला घाला."

आता निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारायचं नसतं, काम फिसकटतं. माल आणायला निघताना कुणी विचारलं की मी परत बसायचो, अन् विचारणाऱ्याला दिवसभर बोलायचो. महेबूबभाईनं ते चाळीस वर्षं ऐकलेलं. मग मी कोणत्या तोंडानं विचारू? कोपऱ्यावरचं हॉटेल असंल म्हणून निघालो. बायको भाकरी थापून राहिली होती. तिनंबी विचारलं न्हाई.

हॉटेल मागं गेलं. ऑटो झाला. एसटीत बसलो. 'कुठं' विचारायची मुभा एकट्या कंडक्टरला. त्यानं विचारलं तवा महेबूबभाई "दोन कंधार" म्हणाले अन् मला कळलं.

कंधारात काय काम हाय, विचारलं. म्हणाले, काहीच न्हाई. बिनकामाचं गाव सोडायची माझी ती पहिली खेप. तिथल्या किल्ल्यात ते पुढं चालून राहिले. शिंप्याच्या मागं राहणं मला जमणारं नव्हतं. पायऱ्या चढलो, बसलो, परत चढलो. पाय लटलट कापत होते, पण कुणाचा हात धरला न्हाई.

चारला घरी आलो तर दाराला कुलूप. पोरगा-सून कामावर असतात, पण बायकोबी घरात न्हाई. पायरीवर बसलो. अर्ध्या तासानं बायको आली, डोक्यात गजरा. बहिणीकडं गेली होती म्हणे. सांगून जायची रीत हाय का न्हाई, म्हणून मी आवाज चढवला.

ती कुलूप काढता काढता म्हणाली, "दुकान बंद केल्याला आठ वर्षं झाली. तुम्ही बाजेवर, अन् मी तुमच्या चहा-भाकरीच्या टायमाला बांधलेली. परत कधी जाणार?"

दुसऱ्या आठवड्यात बिलोलीला गेलो, मग मुदखेडला, रेल्वेनं.

तीन महिन्यांनी खुर्चीवरून चारदा उठलो. पाचव्यांदा डॉक्टरच पुरे म्हणाले. त्यांचे अन् महेबूबभाईचे उपकार हायत. माझ्या वयाच्या लोकांना एवढंच सांगणं हाय. दारात कुणी चला म्हणालं तर धुतलेलं धोतर हुडकत बसू नका, निघा. घरातलं माणूस कवापासून तुमच्या जाण्याची वाट बघून राहिलंय.